नवऱ्याने वेडी ठरवलं, ज्युरीने 7 मिनिटांत शहाणी!

1860 साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात बायकोला वेड्यांच्या इस्पितळात टाकायला नवऱ्याचं म्हणणं आणि तिथल्या अधीक्षकाचा होकार पुरायचा. कोर्ट नाही, सुनावणी नाही. तिची संमती तर नाहीच.

एलिझाबेथ पॅकार्ड सहा मुलांची आई, नवरा पाद्री. त्याची धर्ममतं तिला पटेनात आणि ती ते चारचौघांत बोलू लागली. झालं, वेडी! जूनमध्ये तिला जॅक्सनव्हिलच्या इस्पितळात नेऊन टाकलं. तीन वर्षांनी सुटली, तर नवऱ्याने घरातच कोंडून खिडक्यांना खिळे ठोकले. इथे तो फसला. बायकोला इस्पितळात टाकायची मुभा कायद्यात होती, घरात डांबायची नव्हती. तिने कशीबशी चिठ्ठी बाहेर पोचवली आणि प्रकरण कोर्टात गेलं. जानेवारी 1864 मध्ये ज्युरीने 7 मिनिटांत तिला शहाणी ठरवलं.

ती घरी आली तर घर भाड्याने दिलेलं, नवरा मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्सला गेलेला. कायद्याने तोही त्याचा हक्कच होता.

मग बाईंनी पुस्तकं लिहिली, स्वतः विकली, आमदारांना गाठलं. 1867 मध्ये इलिनॉयने कायदा केला: ज्युरीसमोर सुनावणी झाल्याशिवाय कुणालाही वेडं म्हणून डांबता येणार नाही. मुलांचा ताबा तिला मिळाला तो 1869 मध्ये.