तुकोबांचा संसार : दारिद्र्य, काटकसर आणि समाधान

मराठी संतचरित्रांत दारिद्र्य हा बहुधा गृहीत धरलेला विषय असतो. संत म्हटला की तो निर्धन असणार आणि निर्धन असूनही आनंदी असणार, अशी वाचकाची अपेक्षा चरित्रकाराने आधीच तयार करून ठेवलेली असते. त्यामुळे दारिद्र्य कसे आले, ते घरातील कोणी कसे निभावले आणि आनंद नेमका कशातून निर्माण झाला, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. देहूच्या तुकोबांच्या बाबतीत मात्र हे प्रश्न टाळता येत नाहीत. त्यांचे दारिद्र्य जन्मजात नव्हते. ते एका विशिष्ट काळी, विशिष्ट कारणांनी आले, आणि त्यातील काही भाग तर त्यांनी स्वतः पत्करला. म्हणूनच त्यांच्या चरित्राचा विचार करताना परिस्थितीने लादलेले दारिद्र्य, घर चालविण्यासाठी करावी लागणारी काटकसर आणि स्वेच्छेने स्वीकारलेले समाधान या तीन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक ठरते.

या चरित्राची साधने मुख्यतः तीन प्रकारची आहेत. तुकोबांचे स्वतःचे आत्मपर अभंग, त्यांच्या समकालीन शिष्या बहिणाबाई यांचे आत्मकथनपर अभंग, आणि ताहराबादच्या महीपतींनी अठराव्या शतकात 'भक्तविजय' व 'भक्तलीलामृत' या ग्रंथांत रचलेले ओवीबद्ध चरित्र. महीपतींचा 'भक्तविजय' १७६२ मध्ये, म्हणजे तुकोबांच्या निर्याणानंतर एका शतकाहून अधिक काळाने पूर्ण झाला. साहजिकच त्यातील प्रसंगांना आख्यायिकेचे रूप आले आहे. परंतु आख्यायिका घटनेविषयी निःसंशय पुरावा देत नसली, तरी समाजाने एखाद्या व्यक्तीचा स्वभाव कसा ओळखला होता हे ती निश्चितपणे सांगते.

तुकोबांचा जन्मशक अभ्यासकांत वादग्रस्त असला, तरी शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८, हे वर्ष सामान्यतः स्वीकारले जाते. इंद्रायणीकाठच्या देहूत मोरे घराण्याकडे बाजारपेठेची महाजनकी होती. जातीने कुणबी असलेल्या या घरात शेती होती, वाण्याचा व्यापार होता, सावकारी होती आणि पूर्वज विश्वंभरबुवांपासून चालत आलेली विठ्ठलाची उपासनाही होती. बोल्होबा आणि कनकाई यांचे हे मधले अपत्य. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे असल्यामुळे व्यवहाराचा भार तुकोबांवर लवकर, परंपरेनुसार तेराव्या वर्षीच, येऊन पडला. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असे. म्हणून पुण्यातील सावकार आप्पाजी गुळवे यांची कन्या जिजाई ऊर्फ आवली हिच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. तात्पर्य, तुकोबांच्या आयुष्याचा आरंभ सुस्थितीतील, हिशेबाच्या वह्या राखणाऱ्या, गावात पत असलेल्या घरात झाला. पुढील आयुष्याचा अर्थ लावताना ही व्यापारी पार्श्वभूमी विसरून चालत नाही.

सतराव्या वर्षाच्या सुमारास आईवडील गेले. त्यानंतर सावजींची पत्नी निवर्तली आणि सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. या आघातांतून घर सावरते न सावरते तोच १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये आणि गुजरातेत भीषण दुष्काळ पडला. त्याची भयानकता मोगल दरबारी इतिहासकारांनी आणि युरोपीय प्रवाशांनीही नोंदविली आहे. पुणे परगण्याला या अवर्षणाच्या जोडीला युद्धाचाही मार बसला. निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्या झुंजीत हा मुलूख होरपळत होता, आणि याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले. अशा वेळी उधारीवर चालणारा गावठी व्यापार टिकणे शक्यच नव्हते. कुळे देशोधडीला लागली, वसुली बुडाली, गुरे मेली आणि तुकोबांचे दिवाळे निघाले. रखमाबाई अन्नान्न करीत मरण पावली आणि तिचा मुलगा संताजी हाही गेला. एका महाजनाच्या घरातील स्त्री भुकेने मरावी, ही गोष्ट त्या दुष्काळाचे स्वरूप सांगण्यास पुरेशी आहे.

आत्मपर अभंगांत तुकोबांनी हा सारा वृत्तान्त अत्यंत थोडक्यात आणि कोणताही आडपडदा न ठेवता दिला आहे. पत्नीचा मृत्यू, त्यातून वाटलेली लाज, व्यवसायात येत गेलेली तूट आणि मग पडक्या देवळाच्या जीर्णोद्धाराकडे वळलेले मन, असा त्यांचा क्रम आहे. अन्यत्र एका प्रसिद्ध अभंगात तर त्यांनी दिवाळे, दुष्काळ आणि घरातील कलह यांविषयी देवाजवळ बरे झाले अशीच भावना व्यक्त केली आहे. हा अभंग वरवर वाचणाऱ्यास निष्ठुर वाटण्याचा संभव आहे. परंतु तो संकटाच्या क्षणीचा उद्गार नाही. तो मागे वळून केलेला ताळेबंद आहे. व्यापाऱ्याने तोट्याची रक्कम वहीत स्वच्छ लिहावी आणि त्याच व्यवहारातून मिळालेला नफा तिच्यासमोर मांडावा, तशी त्याची रचना आहे. दुःख नाकारून नव्हे, तर दुःखाची पूर्ण नोंद करून मग तुकोबा समाधानापर्यंत येतात. त्यांची प्रसन्नता भाबडी वाटत नाही, याचे कारण हेच आहे.

याच काळात ते देहूच्या परिसरातील भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर या डोंगरांवर एकान्तासाठी जाऊ लागले. परतल्यावर त्यांनी केलेली पहिली महत्त्वाची कृती सावकारीच्या कागदांसंबंधी होती. धाकटे बंधू कान्होबा यांच्यासह त्यांनी कर्जखतांची वाटणी केली, कान्होबांचा अर्धा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. या कृतीतील विवेक लक्षणीय आहे. दुष्काळाने नागवलेल्या कुळांकडून वसुली करणे म्हणजे आपण भोगलेले दुःख दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवणे होते. ते त्यांनी नाकारले. पण भावाच्या हक्कावर आपले वैराग्य लादले नाही. दान स्वतःच्या वाट्यातूनच करावयाचे असते, हा साधा हिशेबी न्याय त्यांनी येथेही पाळला.

मात्र हा न्याय घराच्या उंबरठ्याच्या आत तितक्याच काटेकोरपणे पाळला गेला काय, हा या चरित्रातील सर्वांत कठीण प्रश्न आहे. तुकोबांनी संसार टाकला नाही. काशी, भागीरथी आणि गंगा या मुली, महादेव, विठोबा आणि नारायण हे मुलगे, अशी जिजाईची अपत्ये. नदीत बुडविलेल्या खतांत या मुलांच्या तोंडचा घासही होता. महीपतींच्या कथनात जिजाई स्वतःच्या जबाबदारीवर कर्ज काढून नवऱ्याला व्यापारासाठी भांडवल उभे करून देते आणि तुकोबा नफ्यासह ते वाटेत भेटलेल्या गरजवंतास देऊन टाकतात. शेत राखावयास बसले तर पाखरांना हाकलीत नाहीत. शिवरायांकडून आलेला नजराणा ते परत करतात, असेही परंपरा सांगते. या प्रत्येक कथेच्या शेवटी तुकोबांची उदारता उजळून निघते आणि चूल पेटविण्याची विवंचना मात्र जिजाईकडे उरते.

परंपरेने जिजाईला कर्कशा ठरविले. गाथेत तिच्या तोंडी घातलेले तक्रारीचे अभंग आहेत. तिने स्वतः रचलेले काहीही उपलब्ध नाही. तिची बाजू वाचकापर्यंत पोहोचते ती नवऱ्याच्या शब्दांतून आणि शंभर वर्षांनंतरच्या चरित्रकाराकडून. तरीही त्या तक्रारींत घरातील उणिवांचा जो तपशील येतो, तो काटकसरीने घर चालविणाऱ्या स्त्रीचाच आहे. रोज भाकरी बांधून, नवरा ज्या डोंगरावर असेल तेथे चढून जाणारी आणि त्याला जेवू घातल्यावाचून स्वतः न जेवणारी जिजाईही त्याच परंपरेने जपली आहे. तिच्या पायात काटा रुतला तेव्हा विठ्ठलाने तो काढला, या आख्यायिकेत लोकमानसाने तिला न्याय दिला, असे म्हणता येईल. तुकोबांचे समाधान स्वेच्छेचे होते. जिजाईची काटकसर सक्तीची होती. पहिल्याचा भार दुसरीने उचलला, म्हणून पहिले टिकले.

तुकोबांना याची जाणीव नव्हती असे मात्र दिसत नाही. पत्नीस उद्देशून असलेल्या आणि 'पूर्णबोध' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभंगांत त्यांनी तिला समजावण्यासाठी वेदान्ताची परिभाषा योजलेली नाही, तर घरातील व्यवहाराचीच भाषा योजली आहे. पांडुरंग हा पिकल्या शेताचा वाटा देणारा चौधरी. त्याच्या बाकीपैकी थोडे टके फिटले आहेत आणि पुष्कळ उरले आहेत. आता तो माजघरात ठाण मांडून बसला आहे आणि भांडी, गुरे यांकडे ऐवज म्हणून बोट दाखवीत आहे, असे ते चित्र आहे. दारात बसलेल्या वसुलीदाराचा अनुभव त्या घराला परका नव्हता. त्याच अनुभवाला विनोदाची कलाटणी देऊन तुकोबा पत्नीच्या जवळ येऊ पाहतात. उसाच्या मोळीची आख्यायिकाही याच जातीची आहे. मिळालेले ऊस वाटेतील मुलांना वाटून एकच कांडे घरी आणले, संतापलेल्या जिजाईने तेच पाठीत घातले, त्याचे तुकडे झाले आणि बरी वाटणी झाली म्हणून तुकोबा हसले. हे हसू विजयाचे नाही. समोरच्याचा राग रास्त आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाचे ते हसू आहे.

ही प्रसन्नता एकट्याने जपलेली नव्हती, हेही लक्षात घेतले पाहिजे. देहूच्या देवळातील कीर्तनात जातिपातींचे भेद ओलांडून माणसे एकत्र येत. चाकणचे संताजी जगनाडे हे तेली, घाण्यावर उपजीविका करणारे. टाळकरी म्हणून ते तुकोबांमागे उभे राहिले आणि त्यांनी अभंग उतरून घेतले. त्यांच्या वहीच्या आधारे वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये गाथेची आवृत्ती प्रसिद्ध केली. वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या विरोधामुळे वह्या इंद्रायणीत बुडविण्याची वेळ आली, तेव्हा तुकोबा नदीकाठी तेरा दिवस निराहार बसून राहिले. ज्याने कर्जखते हसत बुडविली, तो अभंगांच्या वह्यांसाठी मात्र देवाशी भांडतो. यावरून त्यांचे समाधान म्हणजे निष्क्रिय सोशिकता नव्हती, हे स्पष्ट होते. कशावाचून चालेल आणि कशावाचून चालणार नाही, याचा निर्णय त्यांनी पक्का केला होता.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे १६५० मध्ये, तुकोबांचे निर्याण झाले. पुढे १९३६ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' या चित्रपटाने जिजाईला तिचा रोष आणि तिची माया या दोहोंसह प्रथमच व्यापक प्रेक्षकवर्गापुढे उभे केले. देहूभोवतीचा मुलूखही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालटला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली, त्यानंतर चिंचवड-आकुर्डीत आणि पुढे चाकणपर्यंत कारखाने उभे राहिले. संताजींच्या चाकणला आता मोटारींचे उत्पादन होते आणि महिन्याच्या पगारात घर भागविणारी हजारो कुटुंबे या पट्ट्यात राहतात. त्यांच्या घरांत गाथा वाचली जाते तेव्हा तुकोबांचे समाधान आणि जिजाईची विवंचना या दोन्ही गोष्टी वाचकाच्या ओळखीच्या असतात.

तुकोबा गेले तेव्हा जिजाई गरोदर होती. तिचा नारायण वडिलांच्या पश्चात जन्मला. हेच नारायणबाबा पुढे १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीस निघाले आणि आजची पालखीची परंपरा सुरू झाली. याच नारायणबाबांनी देवस्थानासाठी छत्रपतींकडून गावे इनाम मिळविली. ज्या घरातून नजराणा परत गेल्याची कथा सांगितली जाते, त्याच घराने पुढील पिढीत इनाम स्वीकारले. या दोन गोष्टींत विसंगती पाहण्याचे कारण नाही. वडिलांचा वारसा पालखीच्या रूपाने चालला, आणि उद्याच्या जेवणाची तरतूद करणाऱ्या आईचा वारसा इनामाच्या रूपाने.