मातीची घरं बांधणारे हसन फतही आणि त्यांचे बिनसनदी उस्ताद

जून महिन्यात शाळेत प्रवेशाचे फॉर्म भरून घेताना एक रकाना नेहमी अडतो. ‘पालकांचे शिक्षण’. वडील सांगतात, सातवी. पुढचा रकाना व्यवसायाचा. तिथे गवंडी, प्लास्टरवाला, सेंटरिंगवाला, फरशीवाला. एकदा एका वडिलांनी मला हसत हसत विचारलं होतं, की मॅडम, वीस वर्षं लोकांची घरं बांधतोय, ते शिक्षणात धरत नाहीत का? मी ‘सातवी’ लिहिलं आणि फॉर्म पुढे सरकवला. बी.एड.ची सनद नसती तर मलाही कुणी वर्गात उभं केलं नसतं, त्यामुळे कागदाची किंमत मला चांगली ठाऊक आहे. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. आणि तो आठवला की इजिप्तचे आर्किटेक्ट हसन फतही आठवतात. कारण त्यांच्याकडे डिग्री होती, पण घरावर छप्पर कसं घालायचं हे त्यांना गावच्या गवंड्यांकडून शिकावं लागलं.

आज ‘ग्रीन बिल्डिंग’चा मोठा बोलबाला आहे. आपल्या देशात ‘गृह’ आणि ‘आयजीबीसी’ यांची मानांकनं आहेत. या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी कोर्स आहेत, परीक्षा आहेत, प्रमाणपत्रं आहेत. हे शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, १९४० च्या दशकात, हा माणूस कमी खर्चाची, थंड राहणारी, जागच्या मातीची घरं बांधत होता आणि ती बांधणारे हात तयार करण्याच्या मागे लागला होता.

जमीनदाराचा मुलगा

हसन फतही यांचा जन्म २३ मार्च १९०० चा, अलेक्झांड्रिया शहरातला. घर सुखवस्तू, जमीनजुमला भरपूर. पण वडिलांना खेड्याचा तिटकारा. खेडं म्हणजे माश्या, डास आणि घाण पाणी, तिकडे मुलांनी फिरकायचंही नाही. आईचं मात्र लहानपण खेड्यात गेलेलं, आणि तिच्या बोलण्यातून हसनच्या मनात गावाचं एक जन्नतसारखं चित्र तयार झालं. घरची शेती असूनही वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत त्यांनी तिच्यावर पाय ठेवला नव्हता.

त्यांना खरं तर शेतकी शिकायचं होतं. पण प्रवेशाच्या परीक्षेत शेतीबद्दलचे साधे व्यवहारी प्रश्न आले आणि हे महाशय नापास झाले. आयुष्यात शेत न पाहिलेला मुलगा दुसरं काय करणार? मग ते वास्तुशास्त्राकडे वळले आणि १९२६ साली कैरोतून पदवी घेऊन बाहेर पडले. १९३० पासून ते तिथल्या ललित कला महाविद्यालयात शिकवू लागले. म्हणजे ते आमच्या जमातीचे, मास्तर.

नंतर शेतावर गेले तेव्हा आईच्या आठवणीतली जन्नत कुठेच दिसली नाही. मोडकळीला आलेल्या झोपड्या, ओल, अंधार, गुदमरलेली माणसं. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे ती जमीन त्यांच्याच घराण्याची होती. तिथून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. सिमेंट आणि लोखंड गरिबाला परवडत नाही. त्याच्या पायाखाली माती मात्र फुकट पडलेली आहे.

भिंत झाली, छप्पर कोसळलं

भिंतीचा प्रश्न नव्हताच. नाईलच्या काठची माती, त्यात गव्हाचा भुसा आणि वाळू कालवून उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा इजिप्तमध्ये हजारो वर्षं वापरात होत्या. अडचण वरची. छपराला लाकूड लागतं, आणि इजिप्तमध्ये चांगलं लाकूड बाहेरून येतं. त्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि लाकूड, लोखंड दोन्ही मिळेनासं झालं.

फतहींनी विचार केला, की छप्परही विटांचंच करावं. अर्धगोल, कमानीसारखं. पण कमान बांधायची तर खाली सेंटरिंग हवं आणि सेंटरिंग म्हणजे पुन्हा लाकूडच. कैरोजवळ बहतीम इथे कृषी संस्थेच्या शेतावर त्यांनी आधाराशिवाय छप्पर घालायचा प्रयत्न केला. बांधलं की खाली, बांधलं की खाली. कॉलेजात शिकवणारा प्राध्यापक, हाताशी गवंडी, सगळं होतं, पण छप्पर काही उभं राहीना.

मग त्यांच्या भावाने सांगितलं की दक्षिणेकडे नुबियाचे लोक कसलाही आधार न लावता असली छपरं घालतात. भाऊ अस्वानच्या धरणावर इंजिनिअर होता, त्याने ती घरं पाहिलेली. १९४१ मध्ये फतही विद्यार्थ्यांना घेऊन अस्वानला गेले. शहरात काहीच दिसलं नाही. नदीपलीकडे गर्ब अस्वान नावाच्या गावात पोचले आणि थक्क झाले. ओळीने स्वच्छ, देखणी घरं, प्रत्येकावर मातीच्या विटांची कमानी छपरं. लक्सरला, रामेसियमच्या मागे, तशाच छपरांची धान्याची कोठारं उभी होती, ती सुमारे ३२०० वर्षांपूर्वीची. मातीचं बांधकाम टिकत नाही म्हणणाऱ्यांना याहून मोठा पुरावा काय द्यायचा.

हे काम कसं करतात ते सांगायलाच हवं, कारण हुनर तिथेच आहे. खोलीची मागची भिंत बाजूच्या भिंतींपेक्षा उंच घ्यायची. दोन गवंडी फळीवर उभे राहून त्या भिंतीवर चिखलाच्या गिलाव्याने कमानीचा आकार काढतात. दोरी नाही, परकार नाही, फक्त नजर. मग वाकसाने तो आकार घासून नेमका करतात. छपराच्या विटा वेगळ्या असतात, पातळ आणि भुसा जास्त घातलेल्या, म्हणजे वजनाला हलक्या. वीट ओली असतानाच तिच्यावर बोटांनी तिरप्या खाचा पाडलेल्या असतात, त्यामुळे ती चिखलाला घट्ट चिकटून राहते. पहिला थर सरळ उभा लावत नाहीत, मागच्या भिंतीवर किंचित रेलून लावतात. दुसरा थर पहिल्यावर रेलतो, तिसरा दुसऱ्यावर. प्रत्येक थराला मागच्या थराचा टेकू मिळतो, म्हणून खाली फळी लागत नाही. आणि कमानीचा आकार असा, की विटेवर ताण येत नाही, फक्त दाब येतो. माती ताण सोसत नाही, दाब सोसते. हे गणित इंजिनिअरिंगच्या पुस्तकात पानं भरून असतं. त्या गवंड्यांच्या ते हातात होतं.

फतही त्या उस्तादांना उत्तरेत घेऊन आले आणि जिथे त्यांची छपरं पडली होती तिथेच नवी उभी राहिली. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी ही शागिर्दी लपवली नाही. आपण काय कुणाकडून शिकलो ते त्यांनी पुस्तकात गवंड्यांची नावं घेऊन लिहून ठेवलं. किती शिकलेले लोक असं करतात?

गुरना : गावही, शाळाही

१९४५ मध्ये पुरातत्त्व खात्याने त्यांना मोठं काम दिलं. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, गुरना नावाच्या वस्तीत सात हजारांच्या आसपास माणसं प्राचीन थडग्यांच्या अंगाखांद्यावर घरं बांधून राहत होती. थडग्यांतल्या वस्तू विकल्या जात होत्या. सरकारने ठरवलं, सगळं गाव खाली पन्नास एकरांवर हलवायचं.

फतहींनी इथे ठेकेदार नेमला नाही. अस्वानहून नुबियन उस्ताद बोलावले आणि त्यांच्या हाताखाली तिथलीच माणसं लावली. बेत असा होता, की आधी मशीद, बाजार, शाळा अशा सार्वजनिक इमारती बांधायच्या आणि त्या बांधता बांधताच गावकऱ्यांना शिकवायचं. आधी बिगारी, मग शागिर्द, मग मदतनीस, मग पुरता गवंडी. पायरी वाढली की मजुरीही वाढणार. पुढे हेच लोक एकमेकांच्या मदतीने आपापली घरं बांधतील. शिकवणारी म्हणून मला हे फार पटतं. यात परीक्षेचा वेगळा दिवस नाही, शिकणाऱ्याचा निकाल भिंतीवरच लागतो. कमान उभी राहिली तर पास.

मशीद झाली, बाजार झाला, शाळा झाल्या, शंभरावर घरं झाली. पण गाव काही पुरं झालं नाही. भुशाच्या खरेदीपासून मजुरांच्या पगारापर्यंत प्रत्येक कागद कचेरीत अडकायचा. गवंडी तयार, माती तयार, आणि काम बंद, कारण कुठल्या तरी टेबलावर सही राहिलेली. गावकऱ्यांनाही हलायचं नव्हतं. एका पुराच्या वेळी कुणीतरी रात्री बांध फोडला आणि नव्या गावात पाणी शिरलं. १९४८ मध्ये काम थांबलं.

आपल्याकडे अशा माणसांना संत करून टाकायची सवय आहे. फतहींबद्दल तसं करू नये. गुरनाच्या लोकांना गाव सोडायचं आहे का, हे सरकारने विचारलंच नव्हतं, आणि त्यांचं पोट ज्या थडग्यांवर चालायचं तिथून उठून ते खाली कशाला येतील? घुमटाचं घर म्हणजे पिराच्या मजारसारखं दिसतं, त्यात कोण राहणार, असंही लोक म्हणत असं सांगितलं जातं. खालची ओल आणि क्षार यांनी पुढे कितीतरी भिंती खाल्ल्या. घरांबद्दल एकेका कुटुंबाशी बोलावं असं फतहींना मनापासून वाटत होतं. पण मुळात न विचारता ठरलेल्या कामात ते उतरले होते.

परदेशात नाव, घरी शांतता

कैरोतल्या सरकारी इंजिनिअरांना माती म्हणजे मागासपणा वाटायचा. सिमेंटच्या कामात ठेकेदाराचं भलं होतं, मातीत कुणाचं होणार? वैतागून १९५७ मध्ये फतही अथेन्सला गेले, डॉक्सियाडिस यांच्या कार्यालयात काम केलं आणि काही वर्षांनी परत आले. खारगा ओॲसिसमध्ये बारीस नावाचं गाव वसवायला घेतलं. तिथला बाजार त्यांनी वारा आत ओढून घेणाऱ्या उंच झरोक्यांनी विजेशिवाय थंड ठेवला होता. १९६७ च्या युद्धाने तेही अर्ध्यावर राहिलं.

इकडे नुबियाचं काय झालं तेही वाचण्यासारखं आहे. १९६० च्या दशकात उंच धरणासाठी सुमारे पन्नास हजार नुबियन लोकांना उठवून कोम ओंबोच्या बाजूला सरकारी सिमेंटच्या घरांत नेलं. ज्यांच्याकडून देशाने घर बांधायला शिकावं, त्यांना तयार डबे मिळाले.

फतहींनी गुरनाची सगळी कहाणी, हिशेबासकट, पुस्तकात लिहिली. ते १९६९ मध्ये कैरोत निघालं आणि १९७३ मध्ये शिकागो विद्यापीठाने ‘आर्किटेक्चर फॉर द पुअर’ या नावाने काढलं. त्यानंतर जगाला ते दिसले. १९८० साली त्यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी वास्तुकलेचे आगा खान पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, त्यात अध्यक्षांचा खास पुरस्कारही त्यांनाच. त्याच सुमारास अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या अबिकिऊ इथे ‘दार अल-इस्लाम’ची मशीद आणि मदरसा त्यांनी मातीत उभा केला. वय ऐंशी. सोबत नुबियन गवंडी नेले होते, आणि कमान कशी उभी राहते ते त्या गवंड्यांनी तिथल्या लोकांना हाताने करून दाखवलं.

३० नोव्हेंबर १९८९ रोजी कैरोत किल्ल्याजवळच्या जुन्या घरात, आपल्या मांजरांच्या सोबतीत, त्यांचं निधन झालं. गुरनाच्या मशिदीत अजून नमाज होते. उरलेल्या काही इमारतींची डागडुजी अलीकडे युनेस्कोच्या पुढाकाराने झाली आहे.

त्यांनी गुरनात जे अर्धवट सोडलं ते इतरांनी उचललं. बुर्किना फासोमध्ये २००० सालापासून एक संस्था याच नुबियन कमानीच्या घरांसाठी शेतकऱ्यांमधून गवंडी तयार करते आहे. तमिळनाडूत ऑरोविलच्या अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये कमानी आणि घुमट बांधायला शिकवतात, कोर्स पूर्ण केला की प्रमाणपत्र देतात. आणि आपल्याकडच्या गवंड्यांसाठी सांगते, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आरपीएल नावाची सोय आहे. आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन त्यात प्रमाणपत्र मिळतं. शिकायला पुन्हा वर्षभर बसावं लागत नाही. पुढच्या जूनमध्ये फॉर्म भरायला येणाऱ्या पालकांना मी हे सांगणार आहे.

आगा खान पुरस्काराची एक गोष्ट राहिली. १९८० चा तो सोहळा लाहोरच्या शालिमार बागेत झाला होता. तिथे फतहींचे शागिर्द अब्देल वाहिद अल-वकील यांना समुद्रकाठच्या एका घरासाठी, हलावा हाउससाठी, पुरस्कार मिळाला. त्या घराच्या पुरस्कारात आर्किटेक्टच्या नावासोबत आणखी एक नाव होतं. अलाउद्दीन मुस्तफा. व्यवसाय : गवंडी.