पदकाचा लिलाव आणि समाजाचे ऋण

कराडनजीकच्या गोळेश्वर या खेड्यात १९२६ साली जन्मलेल्या खाशाबा जाधवांना कुस्तीचे पहिले धडे मिळाले ते वडील दादासाहेबांकडून. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांचा सहावा क्रमांक आला. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यापुरताही पैसा नव्हता. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथे जिंकलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पुढे खाशाबा पोलीस खात्यात शिरले, सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १९८४ मध्ये अपघातात निवर्तले. अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला तो मरणोत्तर.

२००९ साली सरकारने गोळेश्वर येथे कुस्ती अकादमी उभारण्याचे आश्वासन दिले. आठ वर्षे उलटूनही ते पुरे झाले नाही, तेव्हा २०१७ मध्ये त्यांच्या चिरंजीवांनी पदकाचा लिलाव करून त्या पैशातून अकादमी बांधण्याचा इरादा जाहीर केला.

दिवंगताची कीर्ती बाजारात मांडणे आम्हांस रुचत नाही. कवठे महांकाळपासून कराडपर्यंतच्या या कुस्तीप्रिय मुलखास ते पदक आपलेच वाटते, आणि ते वाटणे योग्यही आहे. परंतु वारसा सांगणाराने ऋणही मानले पाहिजे. पदक मिळावे म्हणून एका शिक्षकाने आपले घर गहाण टाकले. ते मिळाल्यावर दिलेला शब्दही ज्यांना पाळता येत नाही, त्यांना खाशाबांच्या वारसांस बोल लावण्याचा अधिकार नाही.