थॉमस जॅगर

थॉमस ऑगस्टस जॅगर (२४ जानेवारी १८७१ – १७ जानेवारी १९५३) हे अमेरिकन भूवैज्ञानिक व ज्वालामुखीतज्ज्ञ होते. हवाई बेटांवरील किलाउएआ ज्वालामुखीच्या काठावर १९१२ साली त्यांनी वेधशाळा स्थापन केली. उद्रेक झाल्यावर धावत जाण्याऐवजी ज्वालामुखीवर आधीपासून आणि अखंड लक्ष ठेवावे, हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला.

मार्टिनिकमधील अनुभव

जॅगर यांचा जन्म फिलाडेल्फिया येथे झाला. त्यांचे वडील एपिस्कोपल पंथाचे बिशप होते. हार्वर्ड विद्यापीठातून १८९७ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते तेथेच अध्यापन करू लागले.

कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर ८ मे १९०२ रोजी माँ पेले या ज्वालामुखीतून निघालेल्या तप्त वायू व राखेच्या लोटाने सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत नष्ट केले. सुमारे २८,००० माणसे मृत्युमुखी पडली. पूर्वसूचना मिळाली नव्हती असे नाही. शहरावर आधीच राख पडत होती आणि ५ मे रोजी डोंगरावरून आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने नदीमुखाजवळचा साखर कारखाना माणसांसह गाडला होता. या खुणांची सातत्याने नोंद ठेवणारी वेधशाळा मात्र तेथे नव्हती. अमेरिकी नौदलाच्या जहाजातून जॅगर पोहोचले, तेव्हा स्फोटाला जवळपास दोन आठवडे झाले होते. तेथील दृश्याने त्यांच्या कार्याची दिशा ठरली.

किलाउएआची वेधशाळा

१९०६ मध्ये जॅगर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत भूविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. ज्वालामुखीवरील वेधशाळा ही कल्पना नवी नव्हती. इटलीत व्हेसुव्हिअसवर १८४१ पासून तशी संस्था होती. जॅगर यांनी १९०९ मध्ये जपानला जाऊन भूकंपतज्ज्ञ फुसाकिची ओमोरी यांचे काम पाहिले आणि त्यांच्या रचनेची उपकरणे पुढे किलाउएआला बसवली. वेधशाळेला व्हिटनी कुटुंबाची देणगी व हवाईतील व्यापाऱ्यांची वर्गणी मिळाली. तळघर खोदण्याचे काम कैद्यांकडून करून घेण्यात आले.

जमिनीखाली शिलारस वर सरकू लागला की लहान भूकंप होतात, डोंगर किंचित फुगतो आणि त्याचा उतार बदलतो. तळघरातील भूकंपमापकाचा लंबक हळूहळू एका बाजूला सरकत असल्याचे आढळल्याने उतारातील हा बदलही त्याच उपकरणाने मोजता येऊ लागला. याशिवाय विवरातील लाव्हाच्या तळ्याची पातळी व वायू यांच्या नोंदी ठेवल्या जात. १९१७ मध्ये जॅगर यांचा विवाह इझाबेल मेडवेल यांच्याशी झाला. वेधशाळेच्या कामात त्यांचाही मोठा वाटा होता.

कॅलिफोर्नियातील लॅसेन शिखरावर १९१५ साली तापलेल्या खडकांनी बर्फ वितळून चिखलाचे लोंढे दऱ्यांत उतरले होते. त्याच्या परिसरातही १९२० च्या दशकात जॅगर यांच्या पुढाकाराने निरीक्षण केंद्र सुरू झाले.

इशारे

३ फेब्रुवारी १९२३ रोजी कामचटकाजवळच्या मोठ्या भूकंपाची नोंद किलाउएआच्या उपकरणांवर उमटली. समुद्राच्या लाटा येतील, असे जॅगर यांनी हिलो बंदराच्या अधिकाऱ्याला कळवले. परंतु ते फारसे मनावर घेतले गेले नाही. काही तासांनी त्सुनामी आली, होड्यांची नासधूस झाली आणि जीवितहानीही झाली. १९३३ मध्ये जपानच्या सानरिकू किनाऱ्याजवळ भूकंप झाला, तेव्हा जॅगर यांचा इशारा मानला गेला. बोटी व माल वेळीच हलवल्यामुळे हवाईत मनुष्यहानी झाली नाही.

त्यांचा एक प्रयोग मात्र वादग्रस्त ठरला. मौना लोआचा लाव्हा हिलोच्या दिशेने येत असताना २७ डिसेंबर १९३५ रोजी त्यांच्या सूचनेवरून सैन्याच्या विमानांनी त्यावर बाँब टाकले. २ जानेवारीस प्रवाह थांबला. जॅगर यांनी त्याचे श्रेय बाँबफेकीला दिले. उद्रेक तसाही ओसरत होता, असे नंतरच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे.

अखेरची वर्षे

१९४० मध्ये जॅगर वेधशाळेतून निवृत्त झाले आणि हवाई विद्यापीठात संशोधन करू लागले. होनोलुलू येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. किलाउएआच्या काठावरील संग्रहालयाला त्यांचे नाव देण्यात आले होते. २०१८ मध्ये विवर खचताना झालेल्या भूकंपांनी त्या इमारतीचे नुकसान झाले व ती बंद करावी लागली.