अर्थिंगचा घोळ आणि ओहमचा नियम

मित्राच्या गाडीत बाहेरून घेतलेला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बसवला. रेडिएटरचा फॅन सुरू झाला की टेम्परेचरचं रीडिंग उडायचं. मी सॉफ्टवेअरमध्येच बग शोधत बसलो. उत्तर निघालं गेऑर्ग ओहम यांच्याकडे.

१७८९ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनला एका कुलूपवाल्याच्या घरी जन्म. कोलोनच्या शाळेत शिकवताना तारांवर प्रयोग केले, १८२७ मध्ये पुस्तक छापलं. जर्मनीतल्या अभ्यासकांनी दुर्लक्ष केलं, नोकरीही सुटली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं, तेव्हा कुठे मान मिळाला. म्युनिकची प्रोफेसरकी १८५२ ची, मृत्यू १८५४ चा.

त्यांचा नियम: करंट गुणिले रेझिस्टन्स म्हणजे व्होल्टेज. फॅन आणि सेन्सरची अर्थ एकाच गंजक्या बोल्टवर होती. ०.१ ओहम, १० अँपिअर. झाला की १ व्होल्टचा फरक! सेन्सरची अर्थ थेट ईसीयूला जोडली, रीडिंग थांबलं. तुम्हीही कोडआधी मल्टिमीटर लावा.