डोळा का दुखतो, हे विचारणारा माणूस : इब्न अल-हैसम

भर दुपारी सूर्याकडे पाहिले की डोळे दिपतात, दुखतात आणि आपोआप मिटतात. हा अनुभव लहान पोरालाही आहे. पण डोळा दुखला म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी एका माणसाने मनावर घेतला आणि त्याच्या उत्तराने प्रकाशाचे अख्खे शास्त्र बदलून गेले. त्या माणसाचे नाव अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम. युरोपात त्यांना अल्हाझेन म्हणतात. इराकच्या दहा हजार दिनारांच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे आणि चंद्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव दिलेले आहे. आपल्या घरातल्या मुलांना हे नाव माहीत असायला हवे. आणि डोळ्याच्या दुखण्याकडे त्यांनी कसे पाहिले, हे तर मोठ्यांनाही माहीत असायला हवे.

बसऱ्यापासून काहिऱ्यापर्यंत

इब्न अल-हैसम यांचा जन्म सुमारे 965 साली इराकमधल्या बसरा शहरात झाला. त्यांच्या आधीच्या शतकात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांचे अरबीत भाषांतर करण्याचे प्रचंड काम झाले होते. युक्लिडची भूमिती, टॉलेमीचे खगोलशास्त्र, गॅलेनचे वैद्यक हे सगळे अरबीत वाचायला मिळत होते. हुनैन इब्न इसहाक यांनी तर नवव्या शतकातच डोळ्यांवर दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला होता. असे आयते ज्ञान हाताशी असताना बहुतेक जण ते पाठ करतात आणि शिकवतात. इब्न अल-हैसम यांनी ते तपासायला घेतले.

त्यांची कीर्ती इजिप्तपर्यंत गेली. तिथे फातिमी खलिफा अल-हाकिम यांची सत्ता होती. नाईल नदीला कधी पूर येई, कधी पाणीच कमी पडे. दोन्ही वेळा लोकांचे हाल होत. आपण इजिप्तमध्ये असतो तर या पाण्यावर काही उपाय केला असता, असे इब्न अल-हैसम बोलून गेले आणि ती गोष्ट खलिफाच्या कानावर गेली, असे दोनेकशे वर्षांनंतरचे चरित्रकार अल-किफ्ती सांगतात. खलिफाने त्यांना बोलावून घेतले, पैसा आणि माणसे दिली. इब्न अल-हैसम नदीच्या काठाने अस्वानच्या दक्षिणेपर्यंत गेले. वाटेत प्राचीन इजिप्शियनांच्या अचाट इमारती पाहून त्यांच्या लक्षात आले की, हे काम होण्यासारखे असते तर एवढ्या हुशार लोकांनी ते केव्हाच केले असते. नदीचे पात्र पाहिल्यावर तर खात्रीच पटली. ते परत आले आणि जमणार नाही म्हणून सांगितले.

खलिफाने त्यांना सरकारी काम दिले. पण अल-हाकिम लहरी होता, कधी कुणाचा जीव घेईल याचा नेम नसे. चरित्रकार सांगतात की, जीव वाचवण्यासाठी इब्न अल-हैसम यांनी वेड लागल्याचे सोंग घेतले. त्यांची मालमत्ता जप्त झाली आणि त्यांना घरात डांबून ठेवले. 1021 मध्ये अल-हाकिमचा अंत झाला, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. पुढे ते अल-अझहर मशिदीजवळ एका खोलीत राहू लागले. दरवर्षी ते युक्लिड, टॉलेमी यांसारख्यांच्या ग्रंथांच्या नकला आपल्या हाताने लिहीत. त्याचे दीडशे दिनार मिळत आणि त्यात त्यांचे वर्ष निघे. उरलेला वेळ अभ्यासाला.

दुखण्याची साक्ष

त्यांचा सगळ्यात मोठा ग्रंथ म्हणजे किताब अल-मनाझिर, म्हणजे दृष्टीचा ग्रंथ. त्याचे सात भाग आहेत. तोवर युक्लिड आणि टॉलेमीसारखे मोठमोठे गणिती असे मानत की, डोळ्यातून किरण बाहेर पडतात, ते वस्तूला जाऊन लागतात आणि मग ती दिसते. डोळा म्हणजे जणू बॅटरी. हे आज विचित्र वाटते, पण हजारेक वर्षे शहाणी माणसे हेच मानत आली होती.

इब्न अल-हैसम यांनी सुरुवातीलाच साधा मुद्दा मांडला. तेजस्वी प्रकाशाकडे पाहिले की डोळा दुखतो. सूर्याकडे पाहिले तर दुखतोच, पण आरशावरून उलटून आलेल्या उन्हानेही दुखतो. डोळ्यातून काही बाहेर जात असते तर सूर्याकडे पाहताना एवढा त्रास का व्हावा? म्हणजे बाहेरून काहीतरी डोळ्यात येते आहे आणि त्याचा डोळ्यावर परिणाम होतो आहे.

दुसरा मुद्दाही तितकाच घरगुती. उन्हाने उजळलेल्या पांढऱ्या वस्तूकडे बराच वेळ पाहून मग अंधारात नजर वळवली, तर तिचा आकार काही काळ डोळ्यांसमोर राहतो. उन्हातली दाट हिरवळ पाहून आत आलो तर समोर हिरवा रंग दिसतो. म्हणजे पाहिलेल्या गोष्टीचा ठसा डोळ्यात मागे राहतो. आणि डोळा उघडताक्षणी आपल्याला तारे दिसतात. एवढ्याशा डोळ्यातून निघालेली वस्तू एका क्षणात आख्खे आकाश कशी भरून टाकेल?

अशा रीतीने, जी गोष्ट सगळे जण भोगून विसरून जात, ती त्यांनी साक्षीदार म्हणून उभी केली. दुखणे काहीतरी सांगते आहे, ते ऐकले पाहिजे, हा त्यांच्या विचाराचा पाया होता.

अंधारी खोली आणि ग्रहण

नुसत्या तर्कावर ते थांबले नाहीत. अंधाऱ्या जागेसमोर त्यांनी अनेक दिवे ठेवले आणि मध्ये एक लहान छिद्र ठेवले. आतल्या भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की त्याच्या समोरचा ठिपका जाई, बाकीचे तसेच राहत. यावरून प्रकाश सरळ रेषेत जातो आणि एका दिव्याचा प्रकाश दुसऱ्यात मिसळून गोंधळ होत नाही, हे दिसून आले.

हीच युक्ती त्यांनी सूर्यग्रहणासाठी वापरली. ग्रहणाच्या आकारावर त्यांचा स्वतंत्र लेख आहे. खंडग्रास ग्रहणात लहान गोल छिद्रातून ऊन आत घेतले, तर समोर चंद्रकोरीसारखा प्रकाश पडतो. छिद्र मोठे केले तर तो गोलच दिसतो. असे का होते, हे त्यांनी भूमितीने समजावले.

ग्रहणाच्या दिवशी नमाज-ए-कुसूफ झाल्यावर मुले सूर्याकडे पाहायला धावतात, तेव्हा त्यांना हे सांगायला हवे. एक धोका असा आहे की तिथे दुखण्याची साक्ष मिळत नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याला वेदना कळत नाही. ग्रहणात सूर्य बराचसा झाकलेला असतो, डोळे तितके दिपत नाहीत, म्हणून मुले पाहत राहतात आणि पडदा न दुखता भाजतो. नजरेच्या मधोमध डाग पडल्याचे नंतर कळते, आणि काहींची नजर पूर्ववत होत नाही. काळा चष्मा, एक्स-रेची फिल्म, पाण्याची परात यांपैकी काहीच पुरेसे नाही. पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि दुसऱ्या कागदावर पडणारी कोर पाहा.

त्या काळचे डोळ्यांचे वैद्य

इब्न अल-हैसम स्वतः डोळ्यांवर इलाज करणारे म्हणून ओळखले जात नव्हते. पण त्यांच्याच काळात ती विद्या खूप पुढे गेली होती. बगदादमध्ये अली इब्न ईसा यांनी डोळ्यांच्या शंभराहून अधिक आजारांची पद्धतशीर नोंद करणारा ग्रंथ लिहिला. अल-हाकिमच्याच काळात इजिप्तमध्ये अम्मार इब्न अली अल-मौसिली मोतीबिंदू पोकळ सुईने ओढून काढत. अशा वैद्याला कह्हाल म्हणत. हा शब्द कुहल, म्हणजे सुरमा, यावरून आला.

सुरम्याचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. बाजारात मिळणाऱ्या अनेक सुरम्यांमध्ये शिसे सापडले आहे. लहान मुले डोळे चोळतात, तीच बोटे तोंडात घालतात आणि शिसे पोटात जाते. त्याने मुलांच्या मेंदूच्या वाढीला इजा होते. प्रेमापोटी तान्ह्या बाळाला सुरमा घालतात, पण न घालणेच बरे.

दुखणाऱ्या डोळ्याचे ऐका

ज्या डोळ्याकडे इब्न अल-हैसम यांनी इतके बारकाईने पाहिले, तो डोळा घरात कुणाचा दुखायला लागला तर आपण काय करतो? बहुतेक वेळा मेडिकलवरून कुठलेतरी थेंब आणतो. त्यात स्टिरॉइड असेल तर लाली जाते, पण आतला दाब वाढू शकतो आणि जंतूंचा आजार बळावू शकतो. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय थेंब नकोत. गुलाबपाणी, मधही नको.

डोळा लाल, जोराचे दुखणे, दिव्याभोवती रंगीत वलये, अंधुक नजर आणि सोबत उलटी, ही अचानक वाढलेल्या दाबाच्या काचबिंदूची लक्षणे असू शकतात. पित्त झाले म्हणून झोपून राहू नका, त्याच दिवशी, तासाभरातच दवाखाना गाठा. चुना किंवा ॲसिड डोळ्यात उडाले तर आधी नळाखाली डोळा उघडा धरून निदान पंधरा-वीस मिनिटे धुवा, मग इस्पितळात जा. कचरा गेला तर चोळू नका. वेल्डिंगच्या उजेडाने लागलेले दुखणे काही तासांनी, बऱ्याचदा रात्री उठते, म्हणून काम करताना काच लावलीच पाहिजे, आणि बाजूला उभ्या पोरांनाही दूर ठेवले पाहिजे. मोबाईलने डोळे जड होत असतील तर दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट दूर पाहा आणि पापण्या मिटत राहा. डायबिटीस असलेल्यांनी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा, कारण तिथलाही आजार न दुखता वाढतो.

मागे राहिलेले

इब्न अल-हैसम यांचे सगळेच बरोबर नव्हते. प्रकाशाची जाणीव डोळ्यातल्या भिंगात होते, असे ते मानत. प्रतिमा मागच्या पडद्यावर पडते, हे केप्लरने 1604 मध्ये दाखवले. पण केप्लर ज्या वाटेने गेला ती इब्न अल-हैसम यांनी पाडलेली होती. त्यांच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर मध्ययुगातच झाले होते आणि 1572 मध्ये बाझेल शहरात ते छापलेही गेले. पूर्वेकडे कमालुद्दीन अल-फारिसी यांनी त्यावर भाष्य लिहिले आणि इंद्रधनुष्याचे कोडे सोडवले. आपल्या चुका पुढच्यांनी काढाव्यात, हे इब्न अल-हैसम यांना वावगे वाटले नसते. त्यांनी स्वतः टॉलेमीच्या चुकांवर एक पुस्तकच लिहिले होते, आणि जुन्या ग्रंथाचा अभ्यास करणाऱ्याने आपल्या स्वतःच्या समजुतीवरही शंका घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता.

सुमारे 1040 मध्ये काहिऱ्यात त्यांचा इंतकाल झाला. नव्वदच्या वर लेख आणि ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत, बरेच आज मिळतही नाहीत. ज्या माणसाने हाताने नकला लिहून पोट भरले, त्याचे काम आज आपल्या चष्म्यात, कॅमेऱ्यात आणि डोळे तपासणाऱ्या यंत्रात आहे. आपल्या मुलांना त्यांची गोष्ट जरूर सांगा. आणि पुढच्या वेळी घरात कुणी डोळा दुखतो म्हणाले, तर होईल बरा म्हणून टाळू नका. कधीपासून, कशाने, दिसते का नीट, एवढे तरी विचारा.