केशवाहिन्यांचा शोधक मार्चेल्लो माल्पीगी

बोटाला सुई टोंचली कीं रक्ताचा थेंब वर येतो. बोटाऐवजीं तळहातास, गालास किंवा पाठीस टोंचली तरी तसेंच होतें. ह्याचें कारण असें कीं, आपल्या शरीराच्या बहुतेक सर्व भागांत केशवाहिन्यांचें दाट जाळें पसरलेलें आहे. विद्यार्थिमित्रांनो, ज्या पुरुषानें हें जाळें प्रथम पाहिलें त्याचें चरित्र मनन करण्याजोगें आहे.

इ. स. १६२८ सालीं विल्यम हार्वे ह्या इंग्रज वैद्यानें रक्ताभिसरणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि त्याच वर्षीं इटलींतील बोलोन्या शहराजवळ क्रेवाल्कोरे ह्या गांवीं मार्चेल्लो माल्पीगीचा जन्म झाला. हृदयांतून रोहिणींच्या वाटे निघालेलें रक्त नीलांच्या वाटे पुन्हां हृदयाकडे येतें, असें हार्वेनें सिद्ध केलें होतें. परंतु रोहिणींतून तें नीलांत कोणत्या मार्गानें शिरतें, हें त्यास दिसलें नाहीं. तो मार्ग नुसत्या डोळ्यांना दिसण्याजोगाच नव्हता. १६५७ सालीं हार्वे वारला, तेव्हांही हा दुवा सांपडलेला नव्हता.

माल्पीगी १६४६ सालीं बोलोन्याच्या विद्यापीठांत दाखल झाला. तीन वर्षांनीं त्याचे आईबाप निवर्तले. तो सर्वांत वडील मुलगा. धाकट्या भावंडांचा व घरच्या शेतीचा भार त्याच्यावर पडला. तरीही त्यानें विद्या सोडली नाहीं, आणि १६५३ सालीं वैद्यकाची पदवी मिळविली. पुढें १६५६ सालीं पीसा येथें अध्यापक असतांना गणितज्ञ बोरेल्ली ह्याच्याशीं त्याचा स्नेह जडला. पीसाची हवा न मानवल्यामुळें तो १६५९ सालीं बोलोन्यास परतला.

रोहिणींच्या टोंकांतून रक्त मांसांतील पोकळ्यांत सांडतें व तेथून नीलांत शिरतें, अशी त्या काळीं पुष्कळांची समजूत होती. माल्पीगीलाही प्रारंभीं तसेंच वाटे. परंतु वाटणें निराळें आणि पाहणें निराळें, हें तो जाणून होता. त्यानें सूक्ष्मदर्शक यंत्र हातीं घेतलें. मोठ्या प्राण्यांच्या अवयवांत कांहीं स्पष्ट दिसेना, म्हणून त्यानें बेडकाचें पातळ व पारदर्शक फुप्फुस निवडलें. जिवंत बेडकाच्या फुप्फुसांत रक्त बारीक बारीक वाटांनीं वाहतांना दिसलें. आणि वाळविलेल्या फुप्फुसांत त्या वाटा म्हणजे भिंती असलेल्या नळ्याच आहेत, व त्या रोहिणींस नीलांशीं जोडतात, असें आढळलें. पूर्वींची समजूत त्यानें तत्काळ टाकून दिली. १६६१ सालीं बोरेल्लीस उद्देशून लिहिलेलीं दोन पत्रें छापून त्यानें हा शोध जगापुढें मांडला.

ह्या नळ्यांची रचना आज आपणांस अधिक तपशिलानें ठाऊक आहे. केशवाहिनीची भिंत पेशींच्या एकाच थराची असते. तिचा व्यास मिलिमीटरच्या पांच ते दहा हजारांशांइतका असतो. त्यामुळें रक्तांतील तांबड्या पेशींना बहुधा एकामागून एक रांगेनें जावें लागतें. रक्ताचें खरें कार्य येथेंच घडतें. प्राणवायु व अन्नरस भिंतींतून बाहेर पडून शरीरास मिळतात, आणि कार्बन डायॉक्साइड वायु व इतर त्याज्य पदार्थ रक्तांत येतात. फुप्फुसांत ह्याच्या उलट, कार्बन डायॉक्साइड बाहेर जातो व प्राणवायु आंत येतो. हृदय कितीही बलवान् असलें तरी ह्या नळ्यांवांचून त्याचे श्रम व्यर्थ होत.

एवढ्या शोधाबद्दल माल्पीगीस घरीं मान मिळाला असेल, असें कोणास वाटेल. परंतु प्राचीन ग्रंथांस चिकटून राहणाऱ्या अध्यापकांनीं त्याला जन्मभर विरोध केला. लंडनच्या रॉयल सोसायटीनें मात्र त्याची योग्यता ओळखली, व १६६९ सालीं रेशमाच्या किड्यावरील त्याचा ग्रंथ छापला. १६८४ सालीं त्याच्या घरास आग लागून यंत्रें व हस्तलिखितें जळालीं. १६८९ सालीं विरोधकांनीं बुरखे घालून त्याच्या गांवाबाहेरील घरावर हल्ला केला. तेव्हां त्यानें साठी ओलांडली होती. तरीही त्याचें निरीक्षण थांबलें नाहीं.

१६९१ सालीं पोप बारावे इनोसंट ह्यांनीं त्यास आपला वैद्य म्हणून रोम येथें बोलाविलें. तेथेंच २९ नोव्हेंबर १६९४ रोजीं त्याचा अंत झाला. मूत्रपिंडांतील व त्वचेंतील कांहीं भाग आजही त्याच्या नांवानें ओळखले जातात.

ईश्वराची रचना अतिसूक्ष्म वस्तूंतही किती परिपूर्ण आहे, हें जगास दाखविण्याचें भाग्य ह्या पुरुषास लाभलें. तेंही एका बेडकाच्या फुप्फुसांत! क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूकडे लक्षपूर्वक पाहण्याची, आणि डोळ्यांना सत्य दिसतांच आपला पूर्वग्रह सोडण्याची त्याची संवय आपण अंगीं बाणविली, तर हें चरित्र वाचल्याचें सार्थक होईल.